रविवारची चर्चा : दोन ताटांमधला इराक

सचिव, ए-१०४ :
नमस्कार मंडळी. ठरल्याप्रमाणे आजच्या चर्चेचा विषय इराक आहे. गेल्या रविवारी पाटीलसाहेबांनी इराकला ‘अमेरिकेच्या ताटाखालचे मांजर’ म्हटले होते आणि २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे दक्षिण इराकमधल्या बसऱ्याला काढलेल्या जोगळेकरकाकांना ते पटले नव्हते. काका, आपण सुरुवात करावी. सुप्रभाताची चित्रे कृपया बारानंतर पाठवावीत.

जोगळेकर, बी-५०३ :
पाटीलसाहेब, मांजराला एकच ताट असते. इराकपुढे दोन ताटे आहेत, एक इराणचे आणि एक अमेरिकेचे, आणि वाढणारे दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत. मी तिथे विजेच्या उपकेंद्रांच्या कामावर होतो, म्हणून विजेचेच सांगतो. इराकची सुमारे एक तृतीयांश वीज इराणकडून येणारा वायू आणि तारांवरून येणारी वीज यांच्या भरवशावर होती. हा तोच इराण, ज्याच्याशी इराक १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे लढला आणि ज्या युद्धात बसऱ्याच्या आसपासच्या खजुरीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. जुलै २०१८ मध्ये बिल थकल्याचे कारण सांगून इराणने वीज बंद केली, तेव्हा पारा पन्नाशीला टेकला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थाचे खासगी जनित्र होते. तिथे प्रत्येक घर महिन्याच्या बोलीने अँपिअर विकत घेते. चार-पाच अँपिअर घेतले तर दिवे, पंखे आणि फ्रिज चालतो, एसीचे नाव काढायचे नाही. गच्च्यागच्च्यांवरून गेलेल्या त्या तारांच्या गुंतवळ्याखाली रात्री बायामाणसे उंबऱ्यावर पाय सोडून बसलेली असत. पुढे पाणीही खारट आणि दूषित झाले, लोक रस्त्यावर आले आणि सप्टेंबरात त्यांनी शहरातली इराणची वकिलात पेटवून दिली. इराकी सरकारला त्या आगीचेही उत्तर द्यायचे होते आणि इराणचे बिलही भागवायचे होते.

आता दुसरे ताट. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिका इराणशी झालेल्या अणुकरारातून बाहेर पडली आणि इराणवर पुन्हा निर्बंध आले. ऑगस्टमध्ये पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी जाहीर केले की हे निर्बंध आम्हाला मान्य नाहीत, पण आमच्या लोकांचे हित पाहून आम्ही ते पाळू. तेहरानमध्ये त्यावर संताप उसळला, त्यांचा तिथला दौरा बारगळला, आणि आठवड्याभरातच त्यांना खुलासा करावा लागला की आपण फक्त डॉलरमधील व्यवहारांपुरतेच बोललो होतो. त्यांना दुसऱ्यांदा पंतप्रधानपद मिळाले नाही. त्याला कारणे इतरही होती, पण दोघांनाही खूश करायला गेलेल्या माणसाचे काय होते ते आम्ही तिथे बसून पाहिले.

देसाई, ए-३०२ :
काका, माझी हयात बँकेत गेली असल्यामुळे मला यातला पैशाचा भाग अधिक बोलका वाटतो. २००३ नंतर इराकच्या तेलाचे डॉलर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील खात्यात जमा होतात आणि तिथून बगदादला येतात. ३ जानेवारी २०२० रोजी बगदाद विमानतळाजवळ अमेरिकेने इराणचे जनरल कासिम सुलेमानी यांना मारले आणि दोनच दिवसांनी इराकच्या संसदेने परदेशी फौजा देशाबाहेर काढण्याचा ठराव केला. तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनी निर्बंधांची धमकी दिली, आणि या खात्याची दारे बंद होऊ शकतात असा इशाराही इराकी सरकारला मिळाल्याचे वृत्त होते. ज्याच्या पगाराचे पासबुक शेजाऱ्याच्या कपाटात आहे, त्याने सभेत कितीही ठणकावून ठराव मांडला तरी महिनाअखेरीला त्याला त्याच कपाटापुढे उभे राहावे लागते. तो ठराव बंधनकारक नव्हता आणि फौजाही लगेच गेल्या नाहीत.

पाटील, सी-२०२ :
मॅडम, आपण तर माझ्याच बाजूने साक्ष दिलीत! यात मुत्सद्देगिरी कुठे आहे? हा निव्वळ नाइलाज आहे. आणि नाइलाजही ओढवून घेतलेला. बसऱ्याच्या तेलविहिरींवर तेलाबरोबर निघणारा वायू वर्षानुवर्षे जाळून टाकला जातो. असा वायू जाळणाऱ्या देशांच्या यादीत इराक सतत पहिल्या काहींमध्ये असतो, आणि तोच देश वायूसाठी इराणपुढे हात पसरतो. घरचे दूध मोरीत ओतून शेजारी वाटी घेऊन जाणाऱ्याची कीव कुणी करावी?

जोगळेकर, बी-५०३ :
पाटीलसाहेब, दुधाचा दाखला अगदी चपखल आहे आणि त्या फ्लेअरच्या, म्हणजे जळत्या वायूच्या, उजेडात आम्ही रात्री गाडीचे टायरही बदलले आहेत. पण तो वायू पकडायला लागणारी यंत्रसामग्री युद्धे, निर्बंध आणि नंतरची खाबूगिरी यांत उभी राहिली नाही. आता फ्रान्सच्या टोटालएनर्जीज कंपनीशी केलेला २७ अब्ज डॉलरचा करार त्यासाठीच आहे आणि त्यात कतारचाही वाटा आहे. म्हणजे इथेही शेजाऱ्याला भागीदार करून घेतलेच आहे.

नाइलाजाचे म्हणाल, तर तो वापरण्याचीही एक रीत असते. नोव्हेंबर २०१८ मध्ये इराकने अमेरिकेकडून इराणी वायू आणि वीज घेण्यासाठी सवलत मिळवली. आधी ४५ दिवसांची, मग ९० दिवसांची, पुढे कधी ३० तर कधी १२० दिवसांची. कोर्टातल्या तारखांसारखे हे सहा वर्षांहून अधिक चालले. अट अशी होती की इराणचे पैसे इराकमधल्याच बँकेत पडून राहावेत आणि त्यांतून त्याने फक्त अन्न, औषधे अशा वस्तू घ्याव्यात. अमेरिकेला सांगायला झाले की इराणच्या हाती रोकड गेली नाही, इराणला सांगायला झाले की पैसे जमा आहेत, आणि इराकचे उन्हाळे निभावले, जरी रडतखडत. इराण मधूनमधून वायूची तोटी आवळतच होता. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने विजेची सवलत वाढवली नाही. पण तोवर इराकने जॉर्डन आणि तुर्कस्तानकडून तारा जोडून घेतल्या होत्या, आणि आखाती देशांच्या वीजजाळ्याशी जोडणी करण्याचे काम रेंगाळत का होईना सुरू होते.

मोरे, बी-१०१ :
सर्वांना नमस्कार. मी इतिहास शिकवत असे, म्हणून उशिरा आणि मागून बोलतो. इराकची खरी कमाई मला विजेत दिसत नाही, ती मध्यस्थीत दिसते. सौदी अरेबिया आणि इराण यांनी जानेवारी २०१६ मध्ये संबंध तोडले. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे अधिकारी पहिल्यांदा समोरासमोर बसले ते बगदादमध्ये, पंतप्रधान मुस्तफा अल-काझिमी यांच्या यजमानपदाखाली. नोव्हेंबर २०२० मध्ये सौदी सीमेवरील अरारचे नाके तीस वर्षांनी उघडले होते. १९९० मध्ये गिळू पाहिलेल्या कुवेतची ५२.४ अब्ज डॉलरची नुकसानभरपाई तेलाच्या उत्पन्नातून कापून देत देत इराकने जानेवारी २०२२ मध्ये पुरी केली. हे शेजारधर्माचे हप्तेच होते.

ऑगस्ट २०२१ मधील बगदाद परिषदेचे छायाचित्र कुणाला आठवते का? फ्रान्स आणि इजिप्तचे अध्यक्ष, जॉर्डनचे राजे आणि कतारचे अमीर पुढच्या रांगेत उभे होते. इराणचे परराष्ट्रमंत्री शिष्टाचारानुसार मागच्या रांगेतले, पण तेही थेट पुढे येऊन उभे राहिले. लग्नाच्या फोटोत रुसलेले मामा येतात तसे. यजमानांनी फोटो तसाच काढू दिला, आणि तेच शहाणपणाचे होते.

पाटील, सी-२०२ :
सर, पण सौदी आणि इराणचा समेट झाला तो १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये. मांडव इराकने घातला आणि अक्षता टाकायला चीन पुढे!

मोरे, बी-१०१ :
खरे आहे. मात्र त्या समेटाच्या निवेदनात २०२१ आणि २०२२ मधील बोलण्यांसाठी इराक आणि ओमानचे आभार मानले आहेत, आणि दुबळ्या यजमानाला श्रेयापेक्षा घरात भांडण न होण्याची गरज अधिक असते. सुलेमानी मारले गेले त्याच दिवशी ते तत्कालीन पंतप्रधान अब्दुल महदी यांना भेटणार होते आणि सौदीच्या संदेशाचे उत्तर घेऊन आले होते, असे खुद्द महदी यांनी संसदेत सांगितले. मित्रराष्ट्राने पाहुणा आपल्या दारात मारावा आणि तरीही पुढच्याच वर्षी सौदी आणि इराण या दोन्ही घरांना चहाला बोलवावे, याला मी तरी मांजराचे काम म्हणणार नाही.

देसाई, ए-३०२ :
पाटीलसाहेब, मे २०१९ मध्ये अमेरिकेची सवलत संपली तेव्हा आपणही इराणचे तेल घेणे थांबवले होते, आणि आपल्यामागे तर कुठले युद्धही नव्हते. ती तूट भरून काढणाऱ्यांत इराकही होता. आजीच्या नथीतल्या बसऱ्याच्या मोत्यांपुरते नाते उरले, असे समजण्याचे कारण नाही.

पाटील, सी-२०२ :
मांजर मागे घेतो. पण जोगळेकरकाका, मला एक सांगा, त्या गल्लीतल्या लोकांना यातले काय कळत होते?

जोगळेकर, बी-५०३ :
सगळे कळत होते. जनित्रवाल्याकडे एक लांबट वही असे, तीत घरमालकाचे नाव आणि पुढे अँपिअरचा आकडा. वॉशिंग्टनची मुदत संपत आली की लोक बातम्या ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे येत आणि दोन अँपिअर वाढवून घेत. मुदत वाढली की पुढच्या महिन्यात तो आकडा खोडून पुन्हा खाली. पेन्सिलीनेच लिहायचा तो.