रेप जोकवर सगळे हसले, मीही हसलो. आता मैत्रिणीशी काय बोलू?

तिसरा_जिना (धागाकर्ता)

बराच विचार करून लिहितोय, चुकलं तर सांगा.

आमचा सहा जणांचा जुना ग्रुप आहे, चार मुलं दोन मुली. मध्यंतरी एकाच्या घरी जमलो होतो, गेम चालू होता, एक जण फार वाईट हरला आणि म्हणाला ‘रेप केला यार यांनी माझा’. हे आम्ही कॉलेजपासून बोलतोय, पेपर अवघड गेला की रेप, बॉसने झापलं की रेप, कोणाला काही वाटत नाही, म्हणजे मला तरी असंच वाटायचं. मग दुसऱ्याने त्यावर कडी केली, ‘ती नाही म्हणाली म्हणजे हो’ या टाइपचा एक जोक मारला, तो इथे लिहीत नाही. सगळे खदखदून हसले. मीही हसलो आणि चांगला मोठ्याने हसलो.

माझी एक मैत्रीण सोफ्याच्या कडेला बसली होती. तीही हसली. पण हातात चार्जरची वायर होती ती बोटाभोवती गुंडाळत होती, इतकी घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, ते मी बघितलं आणि तरी माझ्या काही डोक्यात आलं नाही. थोड्या वेळाने ‘फोन आलाय’ म्हणून ती बाहेर गेली. तिचा फोन माझ्यासमोर चार्जिंगला लावलेला होता.

वीस मिनिटं झाली तरी आली नाही म्हणून फोन घेऊन खाली गेलो तर जिन्यात बसली होती, दोन्ही तळहात पायरीवर दाबून. म्हणाली डोकं दुखतंय, घरी जाते. तीन दिवसांनी तिने मला सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचं, ओळखीच्याच माणसाने केलेलं. ते मी इथे लिहिणार नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, ‘तू पण हसलास ना रे.’ चिडून नाही, नुसतंच.

दोन प्रश्न आहेत. जोक तिच्याबद्दल नव्हता, कोणाला माहितीही नव्हतं, मग तो इतका का लागतो? स्वतःची बाजू मांडत नाहीये, खरंच समजून घ्यायचंय. आणि दुसरा, ग्रुपमध्ये हे बंद कसं करू, तिच्यावर कोणाचा संशय न जाता?

(तिला विचारूनच टाकलंय, काही तपशील बदललेत.)

ओंजळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे म्हणून लिहितेय.

जोक ऐकून वाईट वाटतं असं नाही, वाईट नंतर वाटतं. आधी कानात सुंऽऽ असा आवाज येतो, हातपाय गार पडतात, माणसं एकदम लांब गेल्यासारखी दिसतात, बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाहीत. दोन-तीन सेकंद मी तिथे नसतेच. मी त्या दुपारी असते, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, त्यात एका तारखेला कोणीतरी निळ्या पेनाने गोल केला होता तो गोल अजून दिसतो मला. आणि हे सगळं चालू असताना चेहरा मात्र नॉर्मल ठेवायचा असतो, कारण हसले नाही तर कोणीतरी विचारणार, ‘तुला काय झालं गं?’ म्हणून मी हसते. त्या हसण्याचा मग रात्रभर राग येतो, दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच. कारण त्या दुपारीही मी ओरडले नव्हते. जोकवर हसताना परत तेच केल्यासारखं वाटतं, गप्प बसून पार पाडलं.

आणि मी मोजते. कोण हसलं, कोण नाही हसलं, कोणी मान खाली घातली. ठरवून नाही करत, आपोआप होतं. माझी एक मावसबहीण आहे, मोठी, तिला मी सांगणार होते. वाक्य पाठ केलं होतं, ‘ताई, मला तुला एक सांगायचंय’, पुढचं आपोआप येईल असं वाटलं होतं. संध्याकाळी दोघी टीव्ही बघत होतो, कुठल्यातरी विनोदी कार्यक्रमात तसला जोक आला आणि ताई पोट धरून हसली. ताई वाईट नाही हो, अजिबात नाही, तिला बिचारीला काय माहिती. पण ते वाक्य मी त्यानंतर चार वर्षं गिळून बसले.

तुझ्या मैत्रिणीने तू हसलास तरी तुला सांगितलं. हे किती मोठं आहे ते मला माहितीये.

रोखठोक_मी

ओंजळ, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतोय, भांडायला आलेलो नाही. मरणावर जोक होतात, आजारावर होतात. माझे वडील कॅन्सरने गेले, शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही बापलेक हॉस्पिटलमध्ये इतके अघोरी जोक करायचो की नर्स दचकायच्या, आणि त्यानेच आम्ही तगलो. मग एकाच विषयाला हात लावायचा नाही असं का? आणि ‘रेप केला’ हे तर नुसतं बोलण्यात आलंय, ‘मेलो यार’ म्हणणारा काय खरंच मरत नसतो. प्रत्येक शब्द असा तोलायचा म्हटलं तर मित्रांत बोलायचं काय?

कान_देऊन

गेली चौदा वर्षं समुपदेशक म्हणून ह्याच विषयात काम करतेय त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

रोखठोक, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण बघा, ते जोक तुम्ही दोघं करत होतात, आजार वडिलांचा, जोकही वडिलांचा. आणि कॅन्सरवरच्या जोकमध्ये कॅन्सरच्या बाजूने कोणी नसतं. तुमच्या वडिलांना कोणी विचारलं का, की खरंच झालाय का, का उगाच सांगताय, झाला तेव्हा कपडे काय घातले होते, लगेच का नाही सांगितलं? माझ्यासमोर बसणाऱ्या जवळपास प्रत्येकीने यातलं काहीतरी ऐकलेलं असतं, पुष्कळदा घरच्यांकडूनच. आणि ‘नाही म्हणजे हो’ हा जोक म्हणजे तोच प्रश्न आहे, फक्त हसत विचारलेला. अशा समजुतींना संशोधनात रेप मिथ म्हणतात, मार्था बर्ट यांनी १९८० मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं होतं: बाई खोटं बोलते, तिलाच हवं होतं, खरंच नको असतं तर झटापट केली असती.

ह्या झटापटीबद्दल थांबून सांगते कारण ओंजळने ‘ओरडले नव्हते’ असं लिहिलंय. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीची मदत देणारं एक क्लिनिक आहे, तिथे आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जणींचं शरीर त्या वेळी लक्षणीय गोठलेलं होतं, ४८ टक्के जणींच्या बाबतीत तर अतिशय तीव्र. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. ही संमती नाही, भित्रेपणाही नाही, जिवावर बेतलं की शरीर हे स्वतःहून करतं, त्यात ठरवणं नसतं. आणि ज्यांचं शरीर असं गोठलं होतं त्यांना सहा महिन्यांनी पीटीएसडी (आघातानंतर दीर्घकाळ राहणारा मानसिक त्रास) आणि डिप्रेशन होण्याचं प्रमाणही जास्त दिसलं. ओंजळ, तुम्ही पार पाडलं नाहीत. तुमच्या शरीराने तुम्हाला वाचवायला जे जमलं ते केलं.

धागाकर्त्यांसाठी: तुमच्या मैत्रिणीचं बोट पांढरं पडलं ना, ती त्या क्षणी स्वतःला खोलीत धरून ठेवत होती. आघाताची आठवण साध्या आठवणीसारखी ‘मागे झालं होतं’ अशी येत नाही, शरीराला ते आत्ता चालू आहे असंच वाटतं, आणि त्याला एक वास, एक शब्द, एक हसण्याचा आवाज पुरतो.

बरं, ‘नुसताच जोक’ हे बोलणाऱ्यांपुरतंही खरं नाही. अमेरिकेत थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांचा २००८ चा अभ्यास आहे: ज्या पुरुषांच्या मनात बायकांबद्दल आधीच वैरभाव होता त्यांनी बायकांवरचे जोक वाचल्यावर महिलांच्या संस्थेला कमी पैसे द्यायची तयारी दाखवली. गंमत म्हणजे तसलीच विधानं सरळ, गंभीरपणे वाचून तो परिणाम दिसला नाही, जोक वाचूनच दिसला. जोक सगळ्यांना बिघडवत नाही, पण जो आधीच तसा आहे त्याला ‘इथे चालतंय’ एवढं कळतं. तुमच्या सहा जणांत तसा कोणी नसेलही. तुम्हाला खात्री आहे?

‘मेलो यार’बद्दल एवढंच, की मेलेला माणूस खोलीत बसून ते ऐकत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे आकडे आहेत, जगात साधारण ३ पैकी १ बाई आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसेतून गेलेली असते. सगळ्याच बलात्काराच्या नव्हेत, पण खोलीत दोन-तीन बायका असतील तर त्यातली कोणी ना कोणी काहीतरी सोसून आलेली असण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे, आणि ती तोंडावर लिहिलेली नसते.

आणि हो, आमच्या सपोर्ट ग्रुपमध्येही जोक होतात, तेही अघोरी. एकदा एकीने तिला चौकशीत विचारलेल्या प्रश्नांची अशी हुबेहूब नक्कल केली की सगळ्या डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसल्या. तिथे हसं विचारणाऱ्याचं झालं होतं.

शांत_किनारा

पुरुष म्हणून लिहितोय, पहिल्यांदाच.

जेलमधल्या साबणाचा जोक सगळ्यांना माहितीये, अंघोळीला पडलेला साबण उचलायला वाकू नकोस, तो. तुरुंगातले बलात्कार इतके खरे आहेत की अमेरिकेला २००३ मध्ये त्यावर वेगळा कायदा करावा लागला, आणि आपल्याला त्यातला साबण तेवढा माहिती. मी तेरा वर्षांचा होतो, करणारी बाई होती, घरी येण्याजाण्यातली. कॉलेजात असताना एका जवळच्या मित्राला अर्धवट सांगायला गेलो तर तो म्हणाला ‘नशीबवान आहेस लेका’ आणि टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली.

ती टाळी दिल्याचं मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

ओंजळ

शांत_किनारा, वाचलं. मी पण हसले होते, तुम्ही टाळी दिलीत. दादा, त्या हाताचा काही दोष नाही.

चष्मेवाली

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण हे मी आमच्या ऑफिसमध्ये केलंय आणि आधी चुकीचं केलंय.

मी तेव्हा ग्रुपवर मोठा मेसेज टाकला होता, ‘आपल्यातही कोणी यातून गेलेलं असू शकतं’ वगैरे. हेतू चांगला होता पण दुसऱ्या दिवशी लंचला सगळे पुरुष आम्हा बायकांकडे टकामका बघत होते, कोण असेल म्हणून. जिच्यासाठी लिहिलं होतं ती आठवडाभर जेवायलाच आली नाही. तर ते वाक्य अजिबात नको.

‘मला’ म्हण. मला हे आवडत नाही, माझ्यासमोर नको. कारण विचारलं तर ‘मला आवडत नाही’ हेच कारण, त्याला पुरावा लागत नाही. आणि हे ती नसताना बोल, जोक मारणाऱ्याशी एकट्याशी, चार लोकांत बोललास तर तो इरेला पेटेल. ‘कोणी काही बोललं का?’ असं तो शंभर टक्के विचारेल, त्याचं उत्तर आधीच तयार ठेव, अडखळलास की संपलं. परत कधी तसला जोक आला तर हसू नकोस आणि तिच्याकडे बघू नकोस, हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. आपण काळजीने बघतो आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या मागोमाग तिकडेच जातात.

तिच्याशी बोलताना एकच सांगेन, माफी एका ओळीत माग. मला किती वाईट वाटतंय, मी झोपलो नाही, मी कसा असा वागलो हे सगळं लिहिलंस की तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं.

रोखठोक_मी

वडिलांचा मुद्दा मी चुकीच्या ठिकाणी लावला, मान्य. विषयाला हात लावायचा नाही हे अजूनही मला पटत नाही, पण कोणाचं हसं होतंय ते बघायला पाहिजे हे पटलं. ‘रेप केला’ मी पण म्हणतो. म्हणायचो. परवा मीटिंगनंतर तोंडावर आलं होतं, ‘पार धुतलं’ म्हणालो, काही अडलं नाही.

शांत_किनारा, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

तिसरा_जिना (धागाकर्ता)

सगळ्यांचे खूप आभार. सगळं सावकाश वाचलं, तिलाही वाचायला दिलं, तिने ओंजळ यांचं परत परत वाचलं.

जोक मारणाऱ्याला फोन केला. म्हणालो, त्या दिवशीच्या जोकवर मी हसलो ते मला नंतर खटकलं, माझ्यासमोर परत नको. ‘कोणी काही बोललं का?’ हे त्याने खरोखरच विचारलं. मी म्हणालो, मी बोलतोय ना. तो जरा वेळ गप्प बसला, मग ‘बरं’ म्हणाला आणि ठेवून दिला. पटलंय की चिडलाय माहिती नाही. ग्रुपवर दोन दिवस त्याचा काही मेसेज नाही.

तिला लिहिलं, ‘मी हसलो. माफ कर.’ निळ्या टिक आल्या, रात्रभर उत्तर नाही. मी तीनदा काहीतरी लांबलचक टाइप केलं आणि तीनदा पुसलं. सकाळी तिचा मेसेज आला, ‘माझा चार्जर त्याच्याकडेच राहिलाय, आणशील का? मला तिकडे जायचं नाहीये.’

आत्ता तोच आणायला निघालोय.