मदत हवी आहे: मुंबई ते तोक्यो प्रवासाचे तास आणि आईचं इन्सुलिन

नमस्कार मंडळी,

माझी ७४ वर्षांची आई ऑक्टोबरात धाकट्या भावाकडे तोक्योला दोन महिने राहायला चालली आहे. सोबत मी आहे. ती रोज रात्री दहाला इन्सुलिन घेते. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी प्रवासाच्या तासांचा हिशोब पक्का करायचा आहे. कुठे चुकत असेन तर सांगा.

मुंबई ते नारिता (तोक्योचा विमानतळ) हवाई अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर. विमान मुंबईहून रात्री ८ ला सुटून सकाळी ७.३० ला उतरतं. मी आधी साडेअकरा तास धरले होते. पण जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे विमानात आठच तास. परतताना सकाळी ११.१५ ला निघून संध्याकाळी ५.३० ला मुंबई. घड्याळात सव्वासहा तास दिसतात, पण बसायचं पावणेदहा तास! भाऊ म्हणतो, जपानवर खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात (जेट स्ट्रीम). जाताना ते पाठीशी असतात, येताना समोरून. थंडीत त्यांचा जोर वाढतो आणि आम्ही परतणार डिसेंबरात. तेव्हा पावणेदहाच्याही वर वेळ लागल्याचा कुणाला अनुभव आहे का?

घर ते घर धरलं तर साताऱ्याहून सकाळी ११ ला निघायचं. नारिता विमानतळ तोक्यो शहरापासून साठेक किलोमीटर लांब, भाऊ राहतो तोक्योतल्या निशी-कासाईला. घरी पोचेपर्यंत तिथले दहा वाजतील, म्हणजे एकूण साडेएकोणीस तास. आईचे पाय सुजतात, त्यामुळे मला विमानापेक्षा या बाकीच्या तासांचीच जास्त काळजी वाटते.

आता मुख्य अडचण. जाताना भारतातल्या दहाला ती विमानातच इन्सुलिन घेईल. दुसऱ्या दिवशी तोक्योच्या दहाला घ्यायचं तर मधे साडेवीसच तास होतात. परतीच्या दिवशी उलट, साडेसत्तावीस. डोस डॉक्टरच ठरवतील, तो इथे विचारत नाही. पण तुमच्या आईवडिलांना घेऊन असा प्रवास केला असेल, तर वेळ एकदम बदलली की रोज थोडी थोडी सरकवली? विमानात जेवण नेमकं कधी आलं? ते कळलं तर डॉक्टरांना सांगता येईल.

आणखी एक. जपानमध्ये एक महिन्यापेक्षा जास्त औषधं न्यायची तर आधी 'युन्यू काकुनिन्शो' हे परवानगीपत्र काढावं लागतं (पूर्वी याला 'याक्कान शोमेई' म्हणत). इन्सुलिनसाठी ते कुणी काढलंय का? डॉक्टरांच्या चिठ्ठीत काय काय लिहून घ्यावं? इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवणार आहे, खालच्या सामानात गोठायची भीती असते. सातारा ते नारिता ते थंड कसं ठेवलंत, तेही कृपया लिहा.