बिनटिंबाचा आय हे वेगळंच अक्षर आहे

तुर्की नावातला बिनटिंबाचा आय मिळत नसेल तर साधा आय टाकून भागवा, असं इथे कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. १९२८ च्या लिपीबदलापासून तुर्कीत ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, उच्चारही वेगळे. दियारबाकर शहराचंच नाव बघा: सुरुवातीला टिंबाचा आय, शेवटी बिनटिंबाचा.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, लहान बिनटिंबाचा आय ०१३१ वर आहे आणि टिंब असलेला मोठा आय ०१३० वर. उरलेले दोन मात्र इंग्रजीचेच, आणि खरी गोम तिथेच आहे. मोठा आय लहान केला की इंग्रजीत डोक्यावर टिंब येतं, तुर्कीत येत नाही. त्यामुळे प्रोग्रामला भाषा सांगितली नाही तर शब्द जुळत नाहीत, शोधूनही सापडत नाहीत.

टाइप करायला वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०१३१ लिहा आणि लगेच आल्ट धरून एक्स दाबा. रोजचंच काम असेल तर तुर्की क्यू कीबोर्ड घ्या. त्यात नेहमीच्या आयच्या कळीवर बिनटिंबाचा येतो, टिंबाचा एलच्या उजवीकडे दुसऱ्या कळीवर. दोनतीन दिवसांत बोटांना सवय होते.