लोकलमधला आवाज आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने सूचना काढली होती. गाडीत फोनवर मोठ्याने बोलू नये, इअरफोनशिवाय गाणी लावू नयेत आणि हे पाळलं जातंय की नाही ते गाडीतल्या कर्मचाऱ्यांनी बघावं. लांब पल्ल्याच्या गाडीत टीसी असतो, अटेंडंट असतो. आपल्या लोकलला पुढे मोटरमन आणि मागे गार्ड. मधल्या बारा डब्यांत सांगायचं कोणी? आपणच.

परदेशात असतो तसा 'शांत डबा' इथेही ठेवा, अशी सूचना ऐकू येते. मला ती पटत नाही. आपण डबा निवडतो तो उतरल्यावर जिना समोर यावा म्हणून. लेडीज, फर्स्ट क्लास, दिव्यांग, लगेज वगळल्यावर उरलेल्यात दादरला जो पुढ्यात येईल तो आपला. एक डबा शांत केला तर त्यात पोचणार कोण? त्यापेक्षा सगळ्याच डब्यांत थोडं थोडं सांभाळलेलं बरं.

गप्पांबद्दल तक्रार नाही. रोजच्या ग्रुपच्या गप्पा हव्यातच. माझं म्हणणं आहे स्पीकरवरच्या रील्स, सिरियली आणि व्हिडिओ कॉलबद्दल. तुम्ही कधी कोणाला थांबवलंत का? नेमकं काय बोललात आणि पुढे काय झालं? तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर तेही लिहा.

*बदलापूरहून, नर्सिंगमधली*

नाइट ड्यूटी संपवून सीएसएमटीहून सकाळची डाउन गाडी पकडते. सगळं जग मुंबईकडे येणाऱ्या अप गाड्यांना असतं, त्यामुळे मला खिडकी मिळते. ती तासभराची झोप माझ्या हक्काची आहे, कारण घरी गेल्यावर मुलाचा डबा, धुणं, सासूबाईंची औषधं. नेमकं त्याच वेळी समोर कोणीतरी रील्स लावून बसतं. दर पंधरा सेकंदांनी नवा आवाज. एकच गाणं असतं तर त्यात झोप तरी लागली असती.

'आवाज कमी करा' म्हटलं की दोन टिचक्या कमी होतो आणि कुर्ल्यापर्यंत पुन्हा चढतो. आता मी कारण सांगते. "दादा, रात्रभर ड्यूटी करून आलेय, जरा डोळा लागू दे." बहुतेक जण लगेच बंद करतात. एका आजोबांनी तर मुलुंडला उतरताना बाजूच्या बाईला सांगितलं, "सिस्टर झोपल्यात, यांना बदलापूरला उठवा." नियम दाखवला असता तर भांडण झालं असतं, असं मला वाटतं.

*न्यू जर्सीहून*

इथल्या लोकल गाड्या चालवणाऱ्या न्यू जर्सी ट्रान्झिटने २०१० मध्ये 'क्वाएट कम्यूट' डबे सुरू केले. गर्दीच्या वेळच्या गाड्यांत पहिला आणि शेवटचा डबा. फोनवर बोलायचं नाही, आपसात बोललात तरी हळू. मला आवडली ती कंडक्टरची पद्धत. कोणी फोनवर बोलू लागलं की तो जवळ येऊन एक छोटं छापील कार्ड हातात ठेवतो आणि पुढे जातो. चारचौघांत ओरडणं नाही, त्यामुळे समोरच्याचा अपमान होत नाही आणि तो उठून दुसऱ्या डब्यात जातो.

अ‍ॅमट्रॅक या अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या रेल्वेच्या शांत डब्याची सुरुवातही १९९९ च्या सुमारास प्रवाशांनीच करून दिली. फिलाडेल्फियाहून पहाटे वॉशिंग्टनला जाणाऱ्या नेहमीच्या लोकांनी एक डबा फोनविना ठेवा अशी विनंती केली होती. म्हणजे मागणी रोजच्या माणसांकडून आली आणि रेल्वेने नंतर ती उचलली. आपल्याकडच्या ग्रुपांनी मनावर घेतलं तर का जमणार नाही?

*लेडीज डब्यातून*

शांतता वगैरे ठीक, पण आमच्या डब्यात कोणी गप्प बसायला सांगू नका. डोहाळजेवणं, हळदीकुंकू, भाजी निवडणं, सगळं इथेच होतं. घरी जे बोलता येत नाही ते विरार फास्टमध्ये बोलता येतं. स्पीकरवर मात्र आम्हीच ओरडतो.

*अंध प्रवासी, वसईहून*

वरचं सगळं वाचलं. माझा मुद्दा झोपेचा किंवा कंटाळ्याचा नाही, उतरण्याचा आहे. 'पुढील स्टेशन' ही घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीनदा होते. दिव्यांग डब्यात कोणाचा मोबाईल मोठ्याने चालू असला की तिन्ही वेळा ती माझ्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही खिडकीतून पाटी बघता. मी आवाज बघतो. भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली की चाकांचा आवाज पोकळ होतो, तिथून मी तयारीला लागतो. नायगाव, मग वसई. स्टेशनात गाडी शिरताना छपराखाली आवाज बंदिस्त होतो आणि कोणत्या बाजूला दार येणार तेही त्यावरून कळतं. हे सगळं एका क्रिकेट मॅचच्या कॉमेंट्रीखाली बुडतं.

मीही फोन वापरतो, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या आवाजावरच माझं सगळं काम चालतं. पण एकाच कानात इअरफोन घालतो, दुसरा कान गाडीसाठी मोकळा. कोणाला सांगायची वेळ आली तर म्हणतो, "मला दिसत नाही, घोषणा ऐकायची आहे." नाही म्हणालेलं कोणी आठवत नाही. फक्त दर वेळी आपलं अंधत्व पुढे करून साधी गोष्ट मागावी लागते, त्याचा त्रास होतो. न सांगता झालं तर किती बरं.

*विद्यार्थिनी, पनवेलहून*

कॉलवर असलेल्या माणसाला कसं सांगायचं? दोन जणांच्या गप्पा चालू असल्या तरी माझा अभ्यास होतो, पण फोनवरचं अर्धं बोलणं कानात शिरलं की वाचलेलं जातं. मला वाटायचं हे माझंच असेल. पण कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१० च्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. एकाच बाजूचं बोलणं ऐकताना लोकांचं लक्ष जास्त ढळतं, कारण पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही.

*भजन मंडळातला एक, टिटवाळ्याहून*

ताई, आधी तुम्हाला सांगतो. कॉल चालू असताना मध्ये पडू नका. गाडीच्या खडखडाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याचं त्यालाही कळत नाही. नजर मिळाली की हाताने 'हळू' अशी खूण करा, तेवढं पुरतं.

आता आमच्याबद्दल. भजनाचाही त्रास होतो असं लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. आमच्या डब्यात सीएची परीक्षा देणारा एक मुलगा यायचा. कानात बोटं घालून वाचायचा, पण आम्हाला काही बोलला नाही. आमच्यातल्या एका काकांनीच ते पाहिलं आणि टाळांच्या वाट्यांत रुमाल कोंबले. तेव्हापासून ठरलं, कल्याण ते ठाणे भजन आणि ठाण्यानंतर टाळ पिशवीत. ठाण्याला नवी माणसं चढतात, त्यांनी आमचा डबा निवडलेला नसतो. मंडळात यावरून वाद झाला, दोघे रागाने दुसऱ्या गाडीला गेले. एकादशीला पूर्ण वेळ म्हणायचं असलं तर आम्ही चढल्याबरोबर डब्यात विचारतो आणि एकानेही नको म्हटलं तरी ठाण्याला थांबतो.