लेकाला न्यूयॉर्कच्या समर जॉबचा नंबर लागलाय, पाठवू का?

क्वीन्सची_आई:
नमस्कार मंडळी. लेक सोळा वर्षांचा आहे. शहराच्या समर यूथ एम्प्लॉयमेंट प्रोग्रॅमच्या लॉटरीत त्याचं नाव निघालं. सहा आठवडे, आठवड्याला २५ तासांपर्यंत काम, पगार शहराच्या किमान दराने, २०२५ मध्ये तो तासाला १६.५० डॉलर होता. काम काय, तर डे-कॅम्पमधली, म्हणजे सुट्टीतल्या दिवसभराच्या शिबिरातली, लहान पोरं सांभाळायची.
नवरा म्हणतो, त्यापेक्षा एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा, क्लास लाव, पोरं राखून कॉलेजात कोण घेणार आहे? लेक हटून बसलाय. अशा कामाने मुलांमध्ये खरंच काही फरक पडतो का? की नुसता खिसा गरम?

हडसनपार:
बिनधास्त पाठवा. रेझ्युमेवर एक ओळ वाढते, कॉलेजला उपयोग होतो, पुढे पगारही चांगला मिळतो. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी केलंय.

ब्रॉन्क्सचा_काका:
ताई, मी एका सामाजिक संस्थेत आहे. दर उन्हाळ्यात या कार्यक्रमातली मुलं माझ्या हाताखाली असतात, म्हणून जरा लांबड लावतो.
हडसनपार, कॉलेज आणि पगाराचं म्हणताय ते आकड्यांत दिसत नाही हो. जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून शहर लॉटरी काढतं. नाव आलेली आणि न आलेली मुलं एकाच माळेतली, त्यामुळे अभ्यासकांना तुलना आयतीच मिळाली. गेल्बर, आयसन आणि केसलर या तिघांनी २००५ ते २००८ च्या लॉटऱ्या तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. त्या वर्षी हातात पैसा आला, हे खरं. पण पुढची तीन वर्षं सरासरी कमाई उलट किंचित कमीच राहिली आणि कॉलेज प्रवेशात फरक शून्य. मात्र नाव आलेल्यांमध्ये तुरुंगात जाण्याचं प्रमाण घटलं आणि मृत्यूचंही. हे वाचून मी खुर्चीत नीट बसलो होतो.
शिकागोत २०१२ साली सारा हेलर यांनी असाच प्रयोग केला. हिंसाचार जास्त असलेल्या भागांतल्या १३ शाळांमधली १,६३४ मुलं, लॉटरीने निवडलेल्यांना आठ आठवड्यांचं काम आणि सोबत एक मोठं माणूस मार्गदर्शक म्हणून. १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः काम संपल्यानंतरची! म्हणजे ‘पोरगं कामात अडकलं म्हणून उनाडक्या थांबल्या’ एवढंच ते नाही. चिडल्यावर तोंड कसं आवरायचं, वरच्याशी कसं बोलायचं, असं काहीतरी मुलं सोबत घेऊन जातात, असा माझा अंदाज. चोरीमारीच्या अटकांत मात्र तिथे फरक दिसला नाही.
तर ताई, ज्यांच्या गल्लीतच धोका आहे, त्यांच्यासाठी हा उन्हाळा जिवाशी निगडित आहे. तुमच्या लेकाला हीच फूटपट्टी लावू नका.
त्याच्यासारख्यांचं मी काय पाहतो, ते सांगतो. पहिल्या आठवड्यात ऑफिसचा फोन वाजला की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. गेल्या वर्षी एकाने रिसीव्हर उचलला आणि नुसता कानाला लावून उभा राहिला, ‘हॅलो’सुद्धा नाही. पलीकडची बाई बिचारी ओरडतेय. ऑगस्टमध्ये तोच पोरगा एका तापलेल्या पालकाला ‘मी विचारून तुम्हाला परत फोन करतो’ म्हणाला आणि खरंच केला. टाइमशीटचंही तेच. सही राहिली की पगार लांबतो, हे घरी कितीही सांगा, एकदा पगार लांबला की पक्कं कळतं.
पण सगळं सुपरवायझरवर आहे. काही ठिकाणी मुलांना कोपऱ्यात बसवून मोबाइल बघू देतात. तसं असेल तर तुमच्या यजमानांचा क्लास बरा. पहिल्याच आठवड्यात लेकाला विचारा, ‘आज तुला काम कोणी सांगितलं?’ उत्तर गुळमुळीत आलं तर संस्थेला फोन करा.
अजून एक. शेवटी शिफारसपत्र मागायला लावा. न्यूयॉर्कमध्येच हेलर आणि केसलर यांनी पाहिलंय की पत्र मिळालेल्यांना पुढे नोकरी मिळण्याचं प्रमाण वाढलं. त्याच अभ्यासात हायस्कूल वेळेवर संपवण्याचं प्रमाण मात्र थोडं घसरलं, म्हणून सप्टेंबरनंतर तो काम सोडेनाच म्हणाला तर लगाम तुमच्या हातात ठेवा.

क्वीन्सची_आई:
काका, खूप आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. ‘लगाम’वर मान डोलावली, बाकीच्यावर गप्प. कागदपत्रं काय लागतील?

नुकताच_पदवीधर:
ताई, मी स्वतः केलंय हे. अठराच्या आतला असल्याने वर्किंग पेपर, म्हणजे कामाचा परवाना, लागतील, ते शाळेतून मिळतात. डॉक्टरचा फिटनेसचा दाखला वर्षभराच्या आतला हवा, तो आधी काढा, नाहीतर जूनमध्ये अपॉइंटमेंटसाठी रडाल. बँकेत खातं त्याच्या नावाने उघडा, पगार थेट जमा होतो.
आणि पहिली पे-स्लिप आली की सोशल सिक्युरिटीची कपात बघून तो घरभर भांडेल. मी बाबांना ‘म्हातारपणाचे पैसे आत्ताच का कापतात?’ विचारत तासभर बसलो होतो. भांडू द्या.

ब्रॉन्क्सचा_काका:
हाहा, माझ्याकडे दरवर्षी त्या दिवशी रांग लागते.
ताई, एसएटीचा क्लास शनिवारी मिळतो का बघा. २५ तासांत दोन्ही बसतं, फक्त पहिला आठवडा मोकळा ठेवा. डे-कॅम्पमधून आलेलं पोरगं संध्याकाळी सातला आडवं होतं.