‘ह्या लोकांना सवय असते’ म्हणून इंजेक्शन नाही?

म्हादईकाठ: भावाच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मे महिन्यात दोन रात्री गोव्यातल्या वॉर्डात काढल्या. शेजारच्या खाटेवर कर्नाटकातल्या कोप्पळकडचा बांधकाम मजूर, मांडीत रॉड घातलेला. सिस्टरने भावाला विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" तो म्हणाला सात. लगेच इंजेक्शन. मजुराला कोकणीत नुसतं "दुखता?" त्याला कळलंच नसावं, ओठ घट्ट मिटून पडून राहिला. सिस्टर पुढच्या खाटेकडे. मी विचारलं तर म्हणाली, "ह्या घाटी लोकांना सवय असते." रात्रभर तो उशीचा अभ्रा दातांत धरून होता. हा भेदभाव नाही तर काय?

रात्रपाळी: मी नर्स आहे. चाळीस खाटा आणि आम्ही दोघी. जो मागतो त्याला मिळतं, त्यात भाषा-जात कुठून आली? गप्प पडलेल्याला उगाच ट्रामाडॉल (जोरकस वेदनाशामक) टोचलं, तर उलट्या आणि गुंगी आम्हीच निस्तरायची. ‘घाटी’ म्हणणं वाईट, ते मान्य.

तिसवाडीकर: ‘मागतो त्याला’ इथेच तर घोळ आहे. १९९६ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. ऑपरेशननंतर रुग्ण बटण दाबून वेदनाशामक स्वतःच घेतो, तो पंप. डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा रुग्णाच्या वंशानुसार वेगवेगळी निघाली. रुग्णांनी बटण दाबून प्रत्यक्ष घेतलेल्या औषधात मात्र तसा फरक नव्हता. म्हणजे सवय कुणाला होती?

फोंडेकार: अमेरिकेतला वंशभेद इथे कशाला आणता? आपल्याकडे अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याने मॉर्फिन इतकं जखडलं, की २०१४ला दुरुस्ती करावी लागली. माझी आई अस्सल गोंयकार, तिलाही पोटाच्या ऑपरेशननंतर पॅरासिटामॉलवरच काढावं लागलं. इथे सगळ्यांचीच बोंब आहे.

म्हादईकाठ: बोंब सगळ्यांची, कबूल. पण आहे तेवढ्यात माझ्या भावाचा नंबर आधी का लागला? हर्निया तो केवढा, आणि मोडलेली मांडी केवढी!

रात्रपाळी: ह्याला उत्तर नाही माझ्याकडे. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांचा तक्ता आहे आमच्याकडे, बोट ठेवायचं फक्त. पोरांसाठी म्हणून कपाटात पडलाय. कन्नडमध्ये दुखण्याला काय म्हणतात?

तिसवाडीकर: नोवु. "नोवु इदेया?" असं विचारा. आणि निपचित पडलेला असताना नको, खोकायला किंवा कूस बदलायला सांगून मग विचारा.