विषय: आई-बाबांसाठी सपाट वाट हवी (नदीकाठ, पिट्सबर्ग)

प्रेषक: डॉर्मांटवाला

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई-बाबा येताहेत, नेहमीप्रमाणे सहा महिन्यांसाठी. बाबा कऱ्हाडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सकाळी प्रीतिसंगमावर चक्कर मारल्याशिवाय चहा घेत नाहीत. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चढ नको, पायऱ्या तर नकोच.

आणि आम्ही राहतो डॉर्मांटला! घराबाहेर पाऊल टाकलं की एक तर वर जायचं, नाहीतर खाली. शेजारच्या बीचव्ह्यूतली कँटन अव्हेन्यू तर ३७ टक्के चढाची. पाहुण्यांना दाखवायला बरी, राहायला नको. आम्ही दोघं दिवसभर कामावर असतो आणि ते दोघं गाडी चालवणार नाहीत. नकाशात नदीकाठी हिरव्या रेघाच रेघा दिसतात. त्यातल्या कुठल्या रेघेवर सत्तरीतली दोन माणसं आपली आपण जाऊन सुखरूप परत येतील?

---

प्रेषक: स्क्विरल हिलचे काका

अरे, आधी आनंदाची बातमी घे. या गावात सपाट जमीन आहेच कुठे, तर ती नदीकाठी. बाकी सगळ्या टेकड्या. म्हणून तर सगळी सपाट जमीन गिरण्यांनी आणि रेल्वेने धरून ठेवली होती. मी १९७९ साली आलो तेव्हा साउथ साइडला भट्ट्या धगधगत होत्या आणि साध्या माणसाला पाण्यापर्यंत जायची वाटच नव्हती. तीन नद्यांच्या गावात राहून नदी दिसायची ती पुलावरून, गाडीच्या काचेतून. गिरण्या बंद झाल्या, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रूळ उखडले, आणि मागे उरल्या त्या या वाटा. थ्री रिव्हर्स हेरिटेज ट्रेल म्हणून तू नकाशात जे पाहतोस ते जवळजवळ ३३ मैल आहे, पण ती एक वाट नाही. काठाकाठाने जोडत नेलेले तुकडे आहेत, काही अजून जोडायचे राहिलेत. तेव्हा नावावर जाऊ नकोस, तुकडा निवड. जिथे जुना रूळ होता तिथे चालायचं, एवढं लक्षात ठेव. आगगाडीला चढ झेपत नाही, तुझ्या आईच्या गुडघ्यालाही नाही.

तुमच्यासाठी पहिली जागा पॉइंट, नद्यांच्या संगमावरचं पार्क. डॉर्मांटहून टी (इथली ट्राम) पकडायची, गेटवेला उतरायचं, लिफ्टने वर यायचं. तिथून पार्क काही मिनिटांवर. हायवेच्या बुटक्या कमानीखालून जाताना वाटतं, कुठे आलो! आणि कमान संपली की एकदम हिरवळ, आकाश आणि समोर पाणी. डावीकडून मोनोंगहेला, उजवीकडून ॲलेगेनी, आणि दोघी मिळून ओहायो. पाण्याकडे घाटासारख्या लांबच लांब पायऱ्या आहेत, पण आईंना त्या उतरायची गरज नाही. वरच्या वाटेने सगळं दिसतं.

३६ एकरांचं पार्क. हिरवळीत फ्रेंचांच्या किल्ल्याची रूपरेषा दगडात आखलेली आहे, तिच्यावरून नीट चालत जा, नाहीतर लोक तिच्यावरच डबा उघडून बसतात. पलीकडे इंग्रजांच्या फोर्ट पिटचं ब्लॉकहाउस आहे, १७६४ सालचं, या गावातली सगळ्यात जुनी इमारत. आत जायला पैसे नाहीत. टोकावरचं कारंजं १५० फूट उडतं. उन्हाळ्यात बहुधा चालू असतं, नदी चढली की बंद.

---

प्रेषक: फॉक्स चॅपलची वहिनी

काकांचं पॉइंटप्रेम माहीत आहे, पण रोजच्या चालण्याला पॉइंट कंटाळवाणा होतो. दोन फेऱ्यांत संपतो. शिवाय शनिवार-रविवारी काही ना काही महोत्सव, गर्दी, लाउडस्पीकर.

माझं मत वॉशिंग्टन्स लँडिंगला. ॲलेगेनीतलं बेट आहे, त्याला वळसा घालणारी वाट दीड मैलाच्या आसपास, झाडांच्या सावलीतून, आणि मुख्य म्हणजे गोल. वयस्क माणसांना सरळ जाणाऱ्या वाटेचा धोका असा की जातात उत्साहाने आणि परत यायचं बळ उरत नाही. गोल वाटेवर हा प्रश्नच येत नाही. जुन्या रेल्वेपुलावरून चालत बेटावर जाता येतं. १७५३च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन याच परिसरात तराफ्यावरून बर्फाळ नदीत पडला होता, त्यावरून हे नाव. पूर्वी तिथे गुरांचे गोठे आणि चरबी वितळवायचे कारखाने होते. जुने लोक सांगतात, वास नदीपार यायचा. आता टेनिस कोर्टं आणि वल्हवणाऱ्यांच्या होड्या. एकच अडचण: तिथे टी जात नाही. शनिवारी तुम्ही गाडीने सोडा.

आता डॉक्टरकीचं. आपल्याकडे गोचीड जनावरांना लागते, त्यामुळे आई-बाबांना हे खरं वाटत नाही, पण इथे ती माणसांना लागते आणि पेनसिल्व्हेनियात तिच्यामुळे होणारा लाइम रोग भरपूर आहे. डांबरी वाटेच्या मधोमध चालायला हरकत नाही, उंच गवतात शिरायचं नाही. फुलं तोडायला तर नाहीच (पूजेला फुलं लागतात हे मला माहीत आहे, आमच्याही सासूबाई होत्या). फिकट पँट, मोजे वर ओढलेले. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत पाहायचं. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, चुना, उदबत्तीचा चटका, काहीही नको. पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टर. आणि तीन-तीन पानांची वेल (पॉयझन आयव्ही, खाज सुटते) दिसली तर हात लावायचा नाही.

---

प्रेषक: सायकलवाला (साउथ साइड)

वहिनी, काका, तुम्ही दोघांनी खरी वाट सोडलीत. ग्रेट ॲलेगेनी पॅसेज! पॉइंटपासून थेट मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत १५० मैल, तिथून कालव्याकाठची वाट वॉशिंग्टनपर्यंत. बाबांना पंधराच मिनिटं चालायचं असेल तरी वाट कुठेतरी जाणारी असावी, असं माझं मत.

हॉट मेटल ब्रिजवर त्यांना एकदा न्याच. पूर्वी उत्तर काठावरच्या एलायझा भट्ट्यांमधलं वितळलेलं लोखंड या पुलावरून दक्षिणेच्या गिरणीत जायचं, चाकांवरच्या पातेल्यांत, वितळलेलंच! २००७पासून त्यावर माणसं आणि सायकली. पूल उतरलं की साउथ साइडचा काठ, झाडं, बसायला बाक, आणि हवं तर कार्सन स्ट्रीटवर कॉफी.

डाउनटाउनहून तिकडे येणारी वाट मात्र आईंना नको. तुरुंगाशेजारून जाते म्हणून सगळे तिला जेल ट्रेलच म्हणतात. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला सेकंड अव्हेन्यू. सायकलला झकास, गप्पा मारत चालायला अशक्य.

आणि एक विनंती. सायकलवाला मागून "ऑन युअर लेफ्ट" ओरडला तर डावीकडे सरकायचं नाही! तो डावीकडून येतोय, एवढंच सांगतोय. दर उन्हाळ्यात पाहुणे आलेले एखादे काका बरोबर माझ्या चाकासमोर येतात. उजवीकडे राहा, चौघांनी आडवी भिंत करून चालू नका.

---

प्रेषक: सचिव

मंडळी, चर्चा उत्तम, पण कुणीतरी ११ एमबीचे फोटो यादीवर टाकलेत. फोटो नकोत. ज्यांना उत्तरं नको आहेत त्यांनी "मला काढा" असं सगळ्यांना पाठवू नये. खाली दुवा आहे.

जाता जाता: मुलं असतील तर नॉर्थ शोअर. टीचं शेवटचं स्टेशन ॲलेगेनी, आणि डाउनटाउन ते नॉर्थ साइड हा नदीखालच्या बोगद्याचा प्रवास फुकट आहे. काठावर दगडी पायऱ्यांवरून पाणी सोडलंय, मुलं त्यात तासन्‌तास डुंबतात. जवळच बुटाची नाडी बांधत बसलेले मिस्टर रॉजर्स आहेत, जुन्या पुलाच्या उरलेल्या खांबात बसवलेले. बदलायचे कपडे बरोबर ठेवा.

---

प्रेषक: कऱ्हाडचे बाबा (मुलाच्या खात्यावरून)

सप्रेम नमस्कार.

चिरंजीवांनी आपली सगळी पत्रं वाचून दाखवली, आणि आता इथे आल्यावर मी ती पुन्हा स्वतः वाचली. आम्ही उभयता बहुतेक सकाळी टीने पॉइंटला जातो. सौ. बाकावर बसतात, मी फेऱ्या मारतो. वहिनींचं बेटही झालं. सौ.ना ते जास्त आवडलं, मला पॉइंट.

आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून पुढे जातात. तसा संगम मी दुसरीकडे पाहिला नाही. इथल्या दोघी तिरक्या कोनात येतात, जे नदीला जास्त स्वाभाविक. पाऊस पडून गेला की मोनोंगहेलाचं पाणी गढूळ आणि ॲलेगेनीचं त्या मानाने स्वच्छ, आणि बराच वेळ दोन्ही पट्टे वेगळे वाहतात. हे तासभर पाहिलं. सौ. म्हणाल्या, निवृत्त होऊनही साइटवरच आहात.

माझी शंका अशी. एवढ्या मोठ्या नद्या, पण पाणी हलताना दिसत नाही. काठाची पातळीही रोज तीच. कोरड्या दिवसांत कऱ्हाडला वाळू दिसते, इथे काहीच उघडं पडत नाही. खाली बंधारा आहे का? आणि दुसरं, कारंज्यापाशी एक भारतीय बाई हात जोडून उभ्या होत्या. म्हणाल्या, इथे खालून गुप्त सरस्वती वाहते. हे काय प्रकरण आहे?

---

प्रेषक: स्क्विरल हिलचे काका

बाबासाहेब, यादीवर असा प्रश्न विचारणारा माणूस आजवर आला नव्हता. बरोबर ओळखलंत. तुम्ही पाहता ती नदी कमी आणि तलाव जास्त आहे. ओहायोवर पॉइंटच्या खाली सहा मैलांवर एम्सवर्थची धरणं आणि लॉक (बोटींना एका पातळीवरून दुसरीवर नेणारे कप्पे) आहेत. ॲलेगेनीवर हायलंड पार्कला आणि मोनोंगहेलावर ब्रॅडॉकला पुढचे लॉक. या तिघांच्या मधलं पाणी एकाच पातळीला धरलेलं, त्याला 'पिट्सबर्ग पूल' म्हणतात (हा पूल इंग्रजीतला, म्हणजे साठलेलं पाणी). हे पूर रोखायला नाही, बार्ज (मालवाहू सपाट नावा) चालाव्यात म्हणून. नऊ फूट खोलीचा जलमार्ग राखावा लागतो. कोळशाचे बार्ज अजूनही जातात, दिसले असतीलच.

पुराचं काम वरच्या धरणांचं. १९३६च्या मार्चमध्ये पॉइंटला पाणी ४६ फुटांवर गेलं होतं, पुराची पातळी २५ फूट धरतात. त्यानंतर उपनद्यांवर धरणं झाली. ॲलेगेनीवरचं मोठं किंझुआ, १९६५ सालचं. त्याच्या पाण्याखाली सेनेका लोकांची जमीन गेली, १७९४च्या तहाने त्यांना कायमची दिलेली. कोयनेच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. पॉइंटवर आज आपण कोरड्या पायांनी फिरतो त्यात त्यांचाही वाटा आहे, पण पार्कात कुणाच्या तोंडी ते नाव ऐकायला मिळत नाही.

तरीही काठ पूर्ण कोरडा समजू नका. मॉन व्हार्फ हे पाण्याकाठचं पार्किंग सगळ्यात आधी बुडतं, आणि त्यालगतचा हायवेचा खोलगट भाग, ज्याला इथे बाथटब म्हणतात, तोही. नॉर्थ शोअरची खालची वाट पाणी ओसरल्यावर चिखलाने निसरडी असते, तुमच्या सौ.ना तिकडे नेऊ नका. मोठ्या पावसानंतर सांडपाण्याच्या जुन्या नळांतून मैला थेट नदीत येतो, त्यामुळे तेव्हा पाण्यात हात घालणं, आचमन वगैरे, कृपा करून टाळा. हे मी गमतीत लिहीत नाही, पाहिलंय.

सरस्वतीचं म्हणाल तर इथले गोरे लोकही तिला चौथी नदी म्हणतात. भूगर्भवाल्यांच्या मते ती नदी नव्हे. हिमयुगात वाहून आलेल्या वाळू-गोट्यांचा जाड थर नद्यांच्या तळाखाली आहे, त्यात पाणी साठलंय. कारंज्याला पाणी तिथूनच घेतात. त्या बाईंना हे सांगितलं असतंत तरी त्यांनी हात जोडलेच असते, आणि माझी काही हरकत नाही.

तुम्हाला आता डक हॉलो दाखवायला हवं. होमस्टेडच्या पुलाजवळ नाइन माइल रन नावाचा ओढा मोनोंगहेलाला मिळतो. त्याच्या दोन्ही अंगांना गिरण्यांनी वर्षानुवर्षं धातूची मळी ओतली, डोंगर झाले मळीचे. एकावर आज घरांची वसाहत उभी आहे. ओढा मात्र पुन्हा वळणं घालून, गोटे मांडून, झाडं लावून उभा केला. २००६ साली ते काम पुरं झालं. मुखाशी बगळे, बदकं, पाणकावळे असतात. ओढ्याकाठची वाट वर फ्रिक पार्कात जाते, पण पुढे चढ आहे. तुमच्या सौ.साठी पहिला तुकडा पुरे.

---

प्रेषक: कऱ्हाडचे बाबा

ओढा पुन्हा वळवला हे ऐकून राहवत नाही. आम्ही उभी हयात ओढे सरळ करण्यात घालवली. कधी जायचं? सौ. विचारतात, तिथे स्वच्छतागृह आहे का?

---

प्रेषक: स्क्विरल हिलचे काका

तिथे भरवसा नाही, म्हणून निघताना आमच्या घरी थांबायचं, घर वाटेवरच आहे. शनिवारी सकाळी सात वाजता न्यायला येतो. उन्हं चढायच्या आत परत. चहा आमच्याकडे, तुमचा नियम मोडायचा नाही.

---

प्रेषक: फॉक्स चॅपलची वहिनी

मीही येते. मोजे वर ओढून या, सगळ्यांनी. काका, तुम्हीसुद्धा.